समुद्र आत आहे

हडपसरला, गाडीतळापासून आत,
टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
आमचा समुद्र आहे.
दारावर रिसबुडांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे :
'चपला बाहेर काढाव्यात. समुद्र आत आहे.'

सात पडदे, एक सुकाणू, भाड्याचा एसी.
एक बटण दाबलं की भरती येते,
दुसरं दाबलं की धुकं.
तीस वर्षं मी खऱ्या बंदरात जहाजं आत घेतली,
आणि सोसायटीत अजून विचारतात :
पायलट ना तुम्ही? कुठल्या विमानाचे?

रेवती खलाटे, बारामतीची.
समुद्र पाहिलाय तो एकदाच, शाळेच्या सहलीत, अलिबागला,
गुडघ्यापर्यंत.
ती विचारते, सर, कप्तान वीस वर्षं दर्यावर काढून येतो,
मग शेवटच्या दोन मैलांना परका माणूस सक्तीचा का?
अपमान नाही का तो?

म्हटलं, चल. पायलटशिवाय आण आत.
चाळीस हजार टनांचं जहाज, पोटात कोळसा,
वारा नैर्ऋत्येचा.
तिनं नकाशा वाचला. नीट वाचला, खोटं कशाला बोलू.
पण नकाशा छापला मार्चमध्ये
आणि गाळ काही छापखान्याला विचारून सरकत नाही.
अकराव्या मिनिटाला पडदे लाल झाले.
जमीन हलली नाही.
खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चालूच होता.
माझे गुडघे तेवढे वाकले, सवयीनं.

कप्तानाला जहाज ठाऊक असतं, पोरी.
त्याचं वजन, त्याचा हट्ट, वळायला ते किती वेळ लावतं.
मला एवढंच पाणी ठाऊक.
साऱ्या जगाचं नाही. एवढंच.
वहीत लिहितात : हुकूम कप्तानाचा, सल्ला पायलटचा.
आणि मालक फोनवर असतो, तासातासाचं भाडं मोजत.
म्हणतो, थांबता कशाला, घ्या आत.
त्याला नाही म्हणायची एकट्या कप्तानाची छाती होत नाही.
कायद्याची होते.

बराच वेळ ती सुकाणूवर हात ठेवून बसली.
मग म्हणाली, पण पायलट जहाजावर चढतो कसा?

सात पडद्यांत कुठेच शिडी नाही.
यंत्र बनवणाऱ्याला ती सुचलीच नसावी.

दिनानाथ भाटकर. माझ्या आधीची पाळी त्याची.
जुलै, पहाटेचे तीन,
लाँच एकदा वर, एकदा पाताळात,
आणि जहाजाच्या कुशीवरून सोडलेली
नऊ मीटर दोराची शिडी.
दोर वरून नवा दिसत होता.
पायलट सक्तीचा, हे नियमात पहिल्याच ओळीत आहे.
दोर कुजका नसावा, हेही आहे,
पुढे कुठेतरी, बारीक अक्षरात.
जहाज सकाळी सुखरूप धक्क्याला लागलं.
दुसऱ्या पायलटनं लावलं.
तो मी.

मग मीच गच्चीवरून शिडी सोडली.
तीन मजले, रस्त्याच्या बाजूला.
रिसबूड म्हणाले, परवानगी कोणाची?
म्हटलं, भाटकरची.
ते गप्प बसले. पण दुसऱ्या दिवशी नवी पाटी :
'शिडीखाली वाहने लावू नयेत. विद्यार्थी पडतात.'
अजून एकही पडलेला नाही.

पायरी धरायची नाही, दोर धरायचा, दोन्ही बाजूंचा.
पायरी फिरते. दोर फिरत नाही.
खलाटे चढली. दुसऱ्या मजल्याशी थांबली,
टायरवाल्याची पोरं शिट्ट्या मारायची थांबली,
पुन्हा चढली.

शेवटी मी. अडुसष्टाव्या वर्षी.
कठड्याशी दम गेला,
तर वरून तिचा हात आला, मनगटाला घट्ट,
वंगण लागलेला.
ती खाली वाकून बघत होती :
दोन स्कूटर, शेंगदाणेवाला, डांबरावर सांडलेलं तेल.
सर, पाणी किती आहे?

मी म्हणालो, ओहोटी आहे. अजून थांब.